अठ्ठावीस म्हणजे किती?

तामलवाडीच्या घरी वडिलांची रॉड-ब्रेकची जुनी सायकल आहे. दूरच्या प्रवासासाठी तिला नवी चाके बसवायचे ठरले, तेव्हा प्रथम एक शब्दच आडवा आला. जुने चाक ‘अठ्ठावीस इंची’. नवे सातशे-सी चाकही काही देशांत ‘अठ्ठावीस इंची’च म्हणवते. प्रत्यक्षात टायर बसतो त्या कडेचा व्यास जुन्या रिमचा ६३५ मिलिमीटर, नव्या रिमचा ६२२. म्हणजे नवी कड तुंब्याकडे साडेसहा मिलिमीटर सरकते.

जुन्या ब्रेकचे रबर आऱ्यांच्या बाजूने वर ओढले जाऊन रिमला टेकते. नव्या रिमला तेथे सपाट जागा नसते. म्हणून दोन्ही बाजूंनी आवळणारा ब्रेक हवा, आणि त्याचे हात नव्या रिमपर्यंत पोहोचतील इतके लांब हवेत. ते आखूड पडले, तर रबर टायरलाच घासते. तुंब्यातील ड्रम-ब्रेकला रिमच्या मापाचे बंधन नसते. पण त्यासाठी तुंबाच बदलावा लागतो. मी लांब हातांचा ब्रेक निवडला.

शब्द आणि वस्तू यांचे नाते केवळ संकेताचे असते, हे आपण भाषाविज्ञानात अभ्यासतो. तुळजापूरचा घाट उतरताना मात्र संकेतावर विसंबता येत नाही. तेथे मोजपट्टीच प्रमाण मानावी.