मूळ चाल आणि तिची रूपे

एखादी कल्पना वाढवायची म्हणजे तिच्या शेजारी दुसरी आणून बसवायची, असे आपण सहसा समजतो. संगीतरचनाकाराची रीत याहून कठीण आहे. हाती असलेल्या त्याच कल्पनेला तो पुन्हा पुन्हा प्रश्न विचारीत राहतो.

व्हिएन्नातील अंतोन डायाबेली या प्रकाशकाने १८१९ साली स्वतः रचलेली वॉल्ट्झ नृत्याची एक साधीशी चाल अनेक रचनाकारांकडे धाडली आणि प्रत्येकाकडे तिचे एकेक रूपांतर मागितले. पन्नास जणांनी ते दिले. बीथोव्हेनने मात्र एकट्याने तेहतीस रचली. ती १८२३ साली प्रसिद्ध झाली. त्या चालीत होते तरी काय? षड्जावरून खालच्या पंचमावर एक लहानशी उतरण, आणि मग एकच स्वरमेळ हट्टाने पुन्हा पुन्हा वाजलेला. पहिल्याच रूपांतरात तीन मात्रांचे नृत्य मोडून चार मात्रांचे भारदस्त कूच सुरू होते. बाविसाव्यात ती उतरण मोत्सार्टच्या ‘डॉन जोव्हानी’तील कुरकुरणाऱ्या नोकराच्या गाण्याला जाऊन मिळते. एकतिसाव्यात तीच चाल कोमल गांधाराच्या छायेत शोकमग्न होते. चालीच्या पोटात दडलेले असे एकेक बाहेर येत राहते.

आपल्या ख्यालातही बढत असते. पण कितीही दूर गेलेला गायक मुखडा धरून समेवर येतो. बाखनेही १७४१ च्या ‘गोल्डबर्ग’ रचनेत तीस रूपांतरांनंतर मूळ चाल परत आणली. बीथोव्हेन ती आणीत नाही. त्याचा शेवट मिन्युएट या संथ, नाजूक नृत्याने होतो. मात्रा पुन्हा तीनच; वॉल्ट्झचा अवखळपणा तेवढा निवून गेलेला.

महाराष्ट्राबाहेर नोकरीची वर्षे काढणाऱ्या मला हा शेवट फार जवळचा वाटतो. दर बदलीबरोबर घरातल्या मराठीत परके शब्द शिरले, मुलांच्या बोलण्याला हिंदीचा हेल आला, आमटीला मोहरीच्या तेलाची फोडणी बसू लागली. गावी गेलो की नातलग आमच्यात तो जुना मुखडा शोधतात आणि खंतावतात. ती खंत मलाही आहे. तरी वाटते, सगळी चाल जशीच्या तशी राहिली नाही तरी चालेल. ती लहानशी उतरण तेवढी ओळखू आली पाहिजे. आमच्या घरात ती म्हणजे बहुधा मुलांना रागे भरताना आणि निजवताना तोंडी येणारी भाषा. तीही सुटली, तर मग उरेल ते दुसरेच गाणे.