प्राणहितेचे डोह

चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा एक होतात व प्राणहिता जन्मते. सिरोंचापाशी गोदावरीला मिळेपर्यंत तिची वाट सुमारे ११३ किलोमीटरांची. वैशाखात मी अहेरीच्या काठावर उभा राहिलो, तेव्हा पात्र आकसले होते, वाळू उघडी पडली होती. अशा दिवसांत मासळी खोल डोहांचा आसरा धरते. ढिवराचे जाळे तेथेच पडते आणि हौशी माणसाचा गळही तेथेच. एकाचे पोट चालते, दुसऱ्याचा वेळ जातो. तेव्हा मासेमारीचा भार नकाशावर मांडायचा, तर नुसती नदीची लांबी मोजून भागायचे नाही. कोणत्या डोहावर, कोणत्या महिन्यात, किती गळ आणि किती जाळी, हे टिपले पाहिजे. पावसाळ्यात अंडी घालणारी रोहू उन्हाळ्यात याच डोहांत तगलेली असते.