कुठी चालली वं?

माझं माहेर अकोल्याचं. तिथे उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की शेजारच्या ओट्यावरच्या काकू विचारणारच, "कुठी चालली वं बाई?" आपण चालता चालताच म्हणायचं, "इथीच जरा!" तेवढ्यावर त्यांचं समाधान. उत्तर हवं असतं कुणाला? ती आपली विचारपूस, 'जेवलीस का' म्हणतात तशी.

लग्न होऊन अमरावतीला आले आणि तोच प्रश्न पार बदलला. सासूबाईंचा कटाक्ष असा की निघालेल्या माणसाला 'कुठे' म्हणून विचारू नये, कामाला खोट येते. अगदीच राहवलं नाही तर "लांब का?" म्हणावं. हे निघाले की त्या अवाक्षर काढत नसत. पण मी चपला घातल्या रे घातल्या की स्वयंपाकघरातून आवाज यायचाच, "कुठी चालली वं?" माझ्या कामाला खोट येईल अशी भीती त्यांना कधी वाटली नाही. मला काही काम असेल, हेच मुळी कुणाच्या मनात नव्हतं.

काम होतं. दुपारी मी टायपिंग शिकत होते. घरी सांगायची सोय नव्हती, म्हणून "अंबादेवीला" म्हणायची. खोटं नको म्हणून जाताना बाहेरूनच हात जोडायची. रुक्मिणी नाही का याच देवीच्या दर्शनाला आली आणि इथूनच कृष्णाच्या रथात बसली? निदान आम्ही अमरावतीकर तसं मानतो! मी तर बिचारी चहाच्या वेळेला घरी हजर. परीक्षेच्या फीचे पैसे मागितले तेव्हा बिंग फुटलं. आठ दिवस अबोला झाला. परीक्षा राहिली ती राहिलीच.

हे सगळं आठवायला कारण माझी सून. ऑफिसच्या कामासाठी ती सध्या स्पॅनिश शिकते आहे. परवा वही घेऊन माझ्यापुढे बसली नि म्हणाली, "आई, आदोंदे बास?"

"बास? इतक्यात पुरे झालं?"

हसत सुटली. म्हणे, याचा अर्थ 'कुठे चाललीस?' उत्तर द्यायचं, "बोय आल मेर्कादो", बाजारात चालले आहे. मोठ्या माणसाला विचारायचं तर "आदोंदे बा उस्तेद?" आणि समोर बाई असो की बुवा, क्रियापद तेच राहतं. मला मोठी गंमत वाटली. आमच्या घरात 'चाललास' आणि 'चाललीस' यांत नुसता काना-वेलांटीचा फरक नव्हता हो!

आपण निघताना 'जाते' न म्हणता 'येते' म्हणतो ना, तसंच दक्षिण अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी "या बेंगो" म्हणतात, येतेच आता.

काल तिन्हीसांजेला ती पर्स घेऊन निघाली. "कुठी चालली वं" अगदी ओठांवर आलं होतं, तेही हुबेहूब सासूबाईंच्या आवाजात! जीभ चावली आणि विचारलं, "लांब का?"

"नाही आई, या बेंगो!"

कुठे ते काही तिने सांगितलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही. साडेआठला आली.