क्लोज-वेटच्या ओळी

"सर्व्हर डाऊन आहे, पण पिंग तर येतोय," असं कोणी म्हणालं की त्याचा गोंधळ मला लगेच कळतो. पिंगला उत्तर देतो तो कर्नल. वेबसाइट चालवणारा प्रोग्राम केव्हाचा अडकून पडलेला असला, तरी कर्नल जागा असेपर्यंत उत्तरं येत राहतात. अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत माइक मस यांनी १९८३च्या डिसेंबरात पिंग लिहिला, तो विचित्र वागणाऱ्या नेटवर्कचा छडा लावायला. ते काम तो आजही चोख करतो. त्याहून जास्त त्याला विचारू नये.

मी पुढे पोर्टवर जोडणी करून पाहतो. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' असं झटकन आलं तर बरंच वाटतं: मशीनपर्यंत पोचलो, बहुधा पोर्टवर ऐकणारं कोणी नाही. नुसती वाट पाहून टाइमआउट झाला, तर आधी फायरवॉल तपासायची.

खरी माहिती मात्र सर्व्हरवर लॉगिन करून एसएस चालवल्यावरच मिळते. नेटस्टॅटवर हात बसलेल्यांनीही ही कमांड शिकावी. हजारो कनेक्शनं असली तरी ती भरभर यादी काढते. त्या यादीत टाइम-वेटच्या ओळींचा ढीग दिसला की नवी मुलं घाबरतात, कर्नलच्या सेटिंग्ज बदलायला धावतात. बहुतेकदा गरज नसते. ज्या बाजूनं आधी कनेक्शन बंद केलं ती, उशिरा पोचलेली पॅकेट्स नव्या कनेक्शनमध्ये घुसू नयेत म्हणून, थोडी थांबते. लिनक्सवर ६० सेकंद. मग ओळ आपोआप जाते.

क्लोज-वेटचं तसं नाही. समोरच्यानं फोन ठेवलाय आणि आपण रिसीव्हर कानाला लावून बसलोय, अशी ती अवस्था. कर्नलनं समोरच्याला पोच दिलेली असते, पण आपल्या प्रोग्रामनं सॉकेट बंद केलेलं नसतं. इथे कसलीही मुदत नाही. प्रोग्राम सॉकेट सोडत नाही तोवर ओळ तशीच. वाढत वाढत उघड्या फाइलींची मर्यादा गाठली (पुष्कळ ठिकाणी ती १०२४ असते) की नवं कनेक्शन घेताच येत नाही. दोष नेटवर्कचा नसतो, पलीकडच्याचाही नसतो. आपल्याच कोडमध्ये, बहुतेकदा एरर आल्यावरच्या वाटेत, क्लोज करायचं राहिलेलं असतं.

सर्व्हिस रीस्टार्ट केली की सगळ्या ओळी नाहीशा होतात, आणि पुरावाही. म्हणून रीस्टार्टची घाई करणाऱ्यांकडून मी थोडा वेळ मागून घेतो. एसएसची यादी प्रोसेसच्या नावांसकट फाइलमध्ये उतरवायची, मिनिटभरानं पुन्हा उतरवायची आणि तेच पत्ते, तेच पोर्ट दोन्हींत क्लोज-वेटमध्ये आहेत का ते बघायचं. मग खुशाल रीस्टार्ट करा.