उभ्या गाडीचे उपयोग

इलेक्ट्रिक पिकअप घेतली म्हटलं की लोक पहिल्यांदा एकच विचारतात, एका चार्जिंगमध्ये किती पळते? आम्हाला कुठे लांब पळायचंय? मातोरीहून मखमलाबादमार्गे पंचवटीचं मार्केट यार्ड, तिथून गंगापूर रोड, इंदिरानगर आणि परत घर. पन्नास-साठ किलोमीटरचा फेरा. बाकी वेळ गाडी उभीच असते. मळ्यात भाजी भरताना उभी, लिलावाच्या रांगेत उभी, सोसायटीच्या गेटवर उभी. त्या उभ्या वेळात तिचा काय उपयोग होतो, हे मला कुणी विचारलेलं नाही. शोरूममध्येही नाही.

आधी डिझेलची पिकअप होती, ती दीर चालवायचे. हिला क्लच नाही, गिअर नाही, म्हणून मी बसले आणि शिकले. कारच्या लायसन्सवर मालाची गाडी चालते का, यावर घरात बरीच चर्चा झाली होती. साडेसात टनांपर्यंतच्या हलक्या मालगाडीला ते लायसन्स पुरतं, हे नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानेच सांगून टाकलं आणि विषय संपला. परमिटचीही भानगड नाही, विजेवरच्या गाड्यांना केंद्राने २०१८ मध्येच त्यातून सूट दिली आहे. हिरव्या पाटीवर पिवळे आकडे, एवढीच काय ती ओळख. नाना, म्हणजे माझे सासरे, अजून कुरकुरतात, की गाडी आल्याचं कळतच नाही. गिऱ्हाइकांचंही तेच. पूर्वी इंजिनाच्या आवाजावर बायका पिशव्या घेऊन खाली यायच्या, आता हॉर्न वाजवावा लागतो.

भाराचं गणित मात्र नीट समजून घ्यावं लागतं. टाटांनी छोटा हत्ती २००५ मध्ये आणला आणि तोच विजेवर २०२२ च्या मे महिन्यात. त्याची बॅटरी २१.३ युनिटांची, कागदावरचं अंतर १५४ किलोमीटर आणि भार ६०० किलो. दोन वर्षांनी टनभर वाहणारा आला. आता ६०० किलो म्हणजे रिकाम्या कॅरेटचं वजन धरून टोमॅटोची सत्तावीस-अठ्ठावीस कॅरेट. पिंपळगावच्या रस्त्याला लागलेला कुठलाही डिझेलवाला हे ऐकून हसेल, तो कागद न बघता दुप्पट-तिप्पट रचतो. पण कोथिंबीर, मेथी, शेपूच्या जुड्यांना वजन कुठे असतं? त्यांना जागा लागते. हौदा भरून वर दोर आवळला तरी काटा ६०० च्या खालीच. म्हणून पालेभाजीवाल्याने किलो बघण्याआधी हौद्याची लांबी बघावी, आणि तिन्ही बाजूंचे फाळके उघडतात का ते बघावं. आमच्या गाडीचा फक्त मागचा उघडतो. गेटवर विक्री करताना पुढच्या टोकाच्या जुड्या काढायला दर वेळी वर चढावं लागतं, साडी खोचून. ही गाडी आखणाऱ्याने हौद्यातून भाजी विकलेली नसणार.

कंपनीचं नाव मी मुद्दाम सांगत नाहीये, कारण तक्रारी आणखी आहेत.

चार्जिंग आम्ही शेडमधल्या पंधरा अँपिअरच्या पॉइंटवर करतो. रात्री लावली की पहाटेला भरलेली असते. एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही ती अर्थिंगची. अर्थिंग कच्चं असेल तर चार्जर लाल दिवा दाखवतो आणि गाडी वीजच घेत नाही. मळ्यातलं अर्थिंग म्हणजे खड्डा, त्यात पट्टी, मीठ आणि कोळसा. चैत्र-वैशाखात ती जमीन कोरडीठाक पडते. मग संध्याकाळी मी आधी त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतते आणि नंतर प्लग लावते. शिवारातल्या मोटारी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं ते वेगळंच. त्यामुळे चार्जिंगला लावायची वेळ महावितरणच्या पाळीप्रमाणे मागेपुढे होते.

आता उभ्या गाडीकडे येते. हौद्याखाली एवढी मोठी बॅटरी, आणि वर भाजी तोलायच्या इलेक्ट्रॉनिक काट्याचं चार्जिंग संपलेलं. अंधारात भाजी भरताना डोक्याला बॅटरी बांधून काम, कारण हौद्यात दिवा नाही. मालकाला हवं तरी काय? मागच्या फाळक्याजवळ झाकणवाला एक साधा सॉकेट, त्यावर काटा, दिवा, मोबाइल. आणि जरा जोर असेल तर एसटीपी पंपाची मोटार. द्राक्षबागेत टेम्पो नेऊन, विजेची वाट न बघता फवारा मारायचा. हिशोब सोपा आहे. दोन एचपीची मोटार म्हणजे साधारण दीड किलोवॅट, दोन तास चालली तर तीन युनिटं. भरल्या गाडीला युनिटामागे पाच किलोमीटर धरले तर पंधरा किलोमीटरची वीज गेली. आमच्या फेऱ्यात ती सहज परवडते. गोडी छाटणीनंतर पाऊस झाला, डावणीची भीती आहे आणि नेमकी रात्रपाळीची लाइट, अशा वेळी त्या तीन युनिटांची किंमत काय असते ते निफाड-दिंडोरीच्या माणसाला सांगायला नको.

हे काही अशक्य नाही. पुतण्याने मला अमेरिकेतल्या फोर्डच्या एफ-१५० लाइटनिंगचा व्हिडिओ दाखवला. त्या पिकअपच्या हौद्यातच सॉकेट आहेत आणि ती एकूण ९.६ किलोवॅटपर्यंत वीज देऊ शकते. सुतार करवत चालवतात, वीज गेली तर योग्य जोडणी असलेलं घर चालतं. म्हटलं, एवढी नको, आम्हाला दोन किलोवॅट पुष्कळ झाली.

सॉकेट नाही म्हणून लोक जुगाड करतात. शेजारच्या मळ्यातल्या भाऊंनी गाडीच्या छोट्या बारा व्होल्टच्या बॅटरीला इन्व्हर्टर जोडून रात्रभर शेडमध्ये दिवे लावले. सकाळी गाडी जागची हलेना. मोठी बॅटरी भरलेली होती, पण तिला जागं करणारी हीच छोटी बॅटरी, आणि ती रात्रीत उतरलेली. गाडी बंद असताना मोठीतून छोटीत वीज येत नाही, हे तेव्हा आळीभर कळलं. शेवटी ट्रॅक्टरची बॅटरी लावून ती चालू केली. वॉरंटीचं काय होईल या धास्तीने भाऊंनी कंपनीला कळवलंच नाही.

चिखलाबद्दल थोडक्यात. मागची चाकं ओढणारी गाडी रिकामी असली की पावसाळ्यात पाणंद रस्त्यावर घसरते. खताच्या दोन गोण्या मागे टाकल्या की निघते. विजेच्या मोटारीचा जोर पहिल्या क्षणापासून येतो, त्यामुळे पाय हळू दाबायचा, नाहीतर चाक जागच्या जागी फिरून खड्डा करतं.

पैशाचं विचाराल तर डिझेल नव्वदच्या घरात असताना जुन्या गाडीचा किलोमीटर सहा-सात रुपयांना पडायचा. हिचा, युनिट दहा रुपये धरला तरी, दोनला. हप्ता जास्त आहे, तो या फरकातून निघतो.

टोमॅटोच्या हंगामात आम्ही अजून भाड्याची डिझेल पिकअपच बोलावतो. वाशीचा माल असेल तर विचारूच नका. जाताना कसारा घाट उताराचा, पण परत येताना तोच चढायचा असतो आणि सकाळी लवकर पोचण्याची घाई असलेल्या ड्रायव्हरला चार्जिंगसाठी दोन तास थांब म्हणायची माझी तरी हिंमत नाही. पुढची गाडी घ्यायची वेळ येईल तेव्हा टनभराचीच घेऊ. दिरांनी आत्ताच बजावून ठेवलंय, सॉकेट असेल तरच टेस्ट ड्राइव्हला जायचं.