रेनशॉवर, लातुरात

सध्या आमच्या घरात एकच विषय चालू आहे, बाथरूम. लातूरचं घर १९८७ सालचं. शहाबादी फरशी, कोपऱ्यात मोरी, मोरीला लागून सिमेंटचा हौद, आणि संडास अंगणाच्या पार टोकाला. आई पंचाहत्तरीला आली, गुडघ्यांनी असहकार पुकारलाय. रात्री-अपरात्री अंगण ओलांडणं आता नको, म्हणून न्हाणी आणि शेजारची अडगळीची खोली एक करून सगळं आत घ्यायचं ठरलं.

ठरायचा अवकाश, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटोंचा पूर आला. (ताई, तू हे वाचणार हे मला माहीत आहे, तरी लिहितो.) काळेकुळकुळीत मॅट नळ. काचेचं पार्टिशन. भिंतीला लटकणारा कमोड, त्याची टाकी भिंतीतच गडप. दोन बाय चार फुटांच्या राखाडी टाइल्स, म्हणजे ज्या सिमेंटच्या रंगाला कंटाळून आपण टाइल्स लावायला लागलो, तोच रंग आता जास्त पैसे देऊन! आणि सगळ्यांचा लाडका रेनशॉवर. छताला ताटाएवढी चकती आणि डोक्यावर धो धो पाऊस.

मी नोकरीनिमित्त नांदेडला असतो. इथे एका शोरूममध्ये रेनशॉवर चालू करून दाखवला, तेव्हा मलाही मोह झालाच. नांदेडला गोदावरी आहे, विष्णुपुरीचा जलाशय आहे. उन्हाळ्यात इथेही ओढाताण होते, पण पाण्याकडे बघायची नजर लातूरकरांइतकी कावरीबावरी नसते. लातूरची भिस्त धनेगावच्या मांजरा धरणावर, आणि मांजरा रुसली की संपलं.

आईला फोटो दाखवला. तिने एकच विचारलं, "पाणी कुठून आणूलालास रे एवढं?"

तिचा प्रश्न हिशेबाचा आहे. साधा शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी घेतो, मोठ्या चकतीचा रेनशॉवर पंधरा-वीस. आपली आंघोळीची बादली अठरा-वीस लिटरची. म्हणजे साबण कुठे ठेवलाय हे शोधेपर्यंत एक आंघोळ वाहून गेली. शिवाय बैठ्या घराच्या गच्चीवरच्या टाकीतून त्या चकतीला पुरेसा जोर मिळत नाही. त्यासाठी प्रेशर पंप लावा. म्हणजे जे पाणी टाकीत नाही, ते जोरात सोडायला आणखी एक मशीन!

२०१६ चा उन्हाळा तिच्या डोक्यातून जात नाही. मार्चमध्ये पाण्याच्या ठिकाणी गर्दी नको म्हणून शहरात १४४ कलम लावलं होतं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या. बाहेरच्यांना ती बातमी होती. आमच्या घरी त्या दिवसांत आई बाजेखाली घमेलं ठेवून बाजेवर बसून आंघोळ करायची, आणि घमेल्यातलं पाणी संडासात. सुनांनीही तेच केलं. कुणी कुणाला शिकवलं नव्हतं, गल्लीत घरोघरी तसंच चालू होतं.

तेव्हा मी फोटो बाजूला ठेवले आणि प्लंबरला वेगळंच विचारलं. नळाला पाणी नसेल त्या दिवशी हे बाथरूम कसं चालेल?

तो खूश झाला. म्हणाला, गिऱ्हाईक नळाचा रंग विचारतं, हे कुणी विचारत नाही. त्याने भिंतीत दोन वेगळ्या लाइनी काढायला सांगितल्या. नळाचं पाणी आंघोळीला आणि गिझरला, बोअरचं फ्लशला. आमचं बोअर भयंकर जड आहे. गिझरच्या कॉइलवर त्याचा पांढरा थर बसतो, शॉवरची भोकं बुजतात. काळ्या नळावर तर प्रत्येक थेंब वाळला की खडूचा ठिपका. काचेच्या पार्टिशनचंही तेच. रोज वायपर मारणारं माणूस घरात असेल तरच काच लावावी. आमच्याकडे ते माणूस कोण असेल, हे वहिनींनी ओळखलं आणि काचेचा विषय त्यांनीच संपवला.

लटकत्या कमोडवर मात्र भावाशी दोन दिवस वाद झाला. फरशी खालून पुसता येते हे त्याचं म्हणणं खरं आहे. पण भिंतीतल्या टाकीत बिघाड झाला की काम त्या छोट्या झाकणातून करायचं, आणि सुटे भाग त्याच कंपनीचे लागणार. ते आमच्या गल्लीतल्या दुकानात मिळत नाहीत. शेवटी साधा जमिनीवरचा, पण जरा उंच कमोड घेतला, म्हणजे आईला उठताना गुडघ्यावर जोर पडणार नाही. फ्लश दोन बटणांचा, तीन आणि सहा लिटरचा. शेजारी भिंतीत स्टीलचा दांडा. दांडा पाहून आई म्हणाली, "हे दवाखान्यातलं कशाला?" त्यावर अजून तरी माझ्याकडे उत्तर नाही.

खर्चातला मोठा वाटा फरशीला दिला. चकचकीत टाइल नाकारली, खरखरीत घेतली. ओल्या पायाने दुकानातच घासून बघितली, दुकानदार बघत राहिला. आणि हौद? तो ठेवलाय. आतून नवी टाइल, वरून झाकण, तळाशी तोटी. ग्रुपवर त्याचा फोटो टाकला तर पुण्याच्या पुतणीने लिहिलं, "काका, हे किती एस्थेटिक आहे!" असो.

आता अडलंय ते उंबरठ्यावर. पुढेमागे वॉकर लागला तर अडायला नको, म्हणून मला उंबरठा नकोच आहे. आई म्हणते, उंबरठा नसला तर मोरीचं पाणी देवघरापर्यंत येईल. मिस्त्री म्हणतो, आतली फरशी अर्धा इंच खाली घेऊ आणि ढाळ लांबच्या कोपऱ्यात काढू. सोमवारी तो कोबा करणार आहे. तोवर आई रोज एक तांब्या ओतून पाणी कुठे जातंय ते बघते आहे.