बर्फाच्या गावाला, हदगावहून

हदगावात बर्फ म्हटलं की काय आठवतं? उन्हाळ्यातली गोळ्याची गाडी! नाहीतर गारा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपिटीने हाती आलेला गहू-हरभरा कसा आडवा केला, ते आजोबांना विचारा.

त्याच फेब्रुवारीत दूर रशियात, सोची शहरात, हिवाळी ऑलिम्पिक चालू होतं. सोचीला आपण जाऊच, पण वाटेत फ्रान्समधलं शामोनी लागतं. माँ ब्लाँ या उंच पर्वताच्या पायथ्याचं हे गाव. १९२४ च्या जानेवारीत इथे बर्फावरचे खेळ भरले. गंमत म्हणजे त्यांना तेव्हा ऑलिम्पिक म्हणत नव्हते, नुसता 'क्रीडा सप्ताह' म्हणत. पहिलं हिवाळी ऑलिम्पिक हे नाव मिळालं दोन वर्षांनी! सोन्या हेनी ही नॉर्वेची अकरा वर्षांची मुलगी तिथे स्केटिंगमध्ये शेवटची आली. पुढे तिनेच लागोपाठ तीन ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदकं जिंकली, बरं का!

आता आपल्या माणसाकडे येऊ. मनालीजवळचा शिवा केशवन. त्याचा खेळ ल्यूज. छोट्या घसरगाडीवर उताणं झोपायचं, पाय पुढे, आणि बर्फाच्या नळीसारख्या वाटेवरून ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वर वेगाने खाली यायचं. भारतात अशी वाट कुठे होती? शिवाने गाडीला चाकं लावली आणि घाटातल्या डांबरी रस्त्यावर, ट्रक-मेंढरं चुकवत सराव केला. (तुम्ही नागपूरच्या हमरस्त्यावर असलं काही करायचं नाही!) १९९८ मध्ये जपानच्या नागानोला तो सोळाव्या वर्षी उतरला, तोही उसन्या गाडीवर. भारताचा तिथे तो एकटाच खेळाडू होता.

आणि सोची? तिथे शिवा उतरला तेव्हा त्याच्यामागे तिरंगा नव्हता. आपल्या ऑलिम्पिक संघटनेच्या निवडणुकीतल्या घोळामुळे डिसेंबर २०१२ पासून तिच्यावर बंदी होती. चूक मोठ्यांची, शिक्षा खेळाडूंना! ११ फेब्रुवारीला बंदी उठली, समारोपात हिमांशू ठाकूरने तिरंगा मिरवला. शिवाची शर्यत मात्र दोनच दिवस आधी आटोपली होती.

चार वर्षांनी, २०१८ मध्ये, तो दक्षिण कोरियातल्या प्याँगचांगला गेला. हे त्याचं सहावं आणि शेवटचं ऑलिम्पिक. उद्घाटनाला तिरंगा त्याच्याच हातात होता.